जलद बसचे त्रेचाळीस थांबे

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ९:४०

रुजू झालो. पद : स्टेशन समन्वयक, रेवा-सुवा जलद बस प्रकल्प. स्वतःचं टेबल, स्वतःचा पंखा (तीनपैकी दोन पाती शाबूत) आणि माझ्या सहीचा रबरी शिक्का. शिक्का या वहीच्या पहिल्या पानावर मारून पाहिला. रुबाबदार उमटतो. अकरा वेळा मारला.

नौसोरीपासून राजधानी सुवापर्यंत नऊ स्टेशनं. बसला स्वतःची वेगळी लेन. पस्तीस मिनिटं! आज याच प्रवासाला दोन तास लागतात. चीफ इंजिनियर मिस गौंडर बाईंनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. लाल लाइन ही आपली. पुढे लामीकडे हिरवी, मग नदीच्या वरच्या अंगाला निळी. अख्ख्या प्रदेशाचं जाळं. मी मनातल्या मनात त्या जाळ्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो.

बाई म्हणाल्या, जोवी, तुमचं सगळं काम एका शब्दाचं आहे, 'नाही'. लोक स्टेशन मागायला येतील, तुम्ही नाही म्हणायचं. मी म्हटलं, बिनघोर राहा, घरीदारी मी त्याच गुणासाठी ओळखला जातो.

संध्याकाळी बायकोला हे सांगितलं. अकेनेता इतकी हसली की कसावाच्या कंदांचं पातेलं तिला खाली ठेवावं लागलं. गरम असेल.

११ जानेवारी, रविवार. दुपार

चर्चहून आल्यावर जेवताना अकेनेताने विषय काढला. तोरिका सोळा वर्षांची झाली, अजून शाळेची दोन-तीन वर्षं आहेत, पहाटे साडेचारला उठते, संध्याकाळी सातला येते, पोर वाळत चाललीय. सुवात मावशीचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे. मावशी खोली द्यायला तयार आहे. मी म्हटलं, माझी मुलगी माझ्या घरी राहील. पस्तीस मिनिटांची बस येतेय आणि ती आणणारा मी आहे. त्यातून वुनिमोली स्टेशन मी स्वतः आपल्या दारासमोर ठेवलंय, नऊपैकी तिसरं.

अकेनेता म्हणाली, ठीक. डिसेंबरपर्यंत बस पस्तीस मिनिटांत सुवाला गेली तर पोर इथे. नाहीतर मावशीकडे. मी म्हटलं, लिहून ठेव. ती म्हणाली, लिहिण्याचं काम तुमचं. तर लिहिलं.

माझ्या ताटातला मासा तोरिकाने काट्यांसकट काढून नेला. म्हणजे ती माझ्या बाजूने आहे.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी ५:५०, बसमध्ये

शाळा सुरू. बस उभी आहे. पाठीमागे नदीवरचा पूल, पुढे बेकरी, मध्ये आम्ही. गेली चौदा मिनिटं त्याच बेकरीची तीच पाटी वाचतोय. बस फिलिमोनीची, तो अकेनेताचा भाऊ, माझा मेहुणा, तोरिकाचा मामा. त्याने आरशातून विचारलं, दाजी, तुमची जलद बस कुठवर आली? दिसत नाही ती, फार जलद आहे का? सगळी बस हसली. त्याला हसू दे. त्याची बस लवकरच संग्रहालयात जाणार.

अक्षर वाईट येतंय, कारण तोरिका माझ्या उजव्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीय. तोंड उघडं. हात हलवला की भुवई आकसते. म्हणून मनगटाच्या वर काहीही न हलवता लिहितोय. 'स्टेशन' हा शब्द 'सेशन' असा दिसतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६:०५, बसमध्ये

काल संध्याकाळी एक किरकोळ गोष्ट घडली.

फिलिमोनी आला. कमरेला गुंडाळलेला इस्त्रीचा सुलू, पायांत चपला नाहीत, हातात मानपानाला लागणाऱ्या यांगोनाच्या मुळांची जुडी. चेहरा गंभीर. मांडी घालून बसला, आणि जुडी हातात धरून वाडवडिलांची नावं घेत रीतीने मागणं मांडलं. त्याच्या चर्चच्या फाटकासमोर एक स्टेशन हवं.

आता कुणीही सांगेल की जुडी चटईवर पडेपर्यंत हजार प्रकारे नाही म्हणता येतं. पडली की नाही म्हणता येत नाही. आजोबांनी म्हटलं नाही, वडिलांनी म्हटलं नाही. मी त्या वेळी चहाकडे हात नेत होतो, वळून पाहीपर्यंत जुडी खाली. म्हणजे हा प्रश्न निव्वळ वेळेचा होता, तत्त्वाचा नव्हता. तळहात पोकळ करून होकाराच्या तीन टाळ्या वाजवल्या. घेतलं.

दहा स्टेशनं. दहा हा आकडा लक्षात ठेवायला सोपा. शिवाय घरातला माणूस. बाहेरच्यांना काय कळणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाहेरच्यांना कळलं. आठवड्यात आणखी चार. जुड्या ठेवायला जागा नाही, तोरिकाच्या पलंगाखाली सारल्या.

संकल्प :
१. दाराकडे तोंड करून बसायचं.
२. जुडी दिसताच, ती खाली ठेवण्याआधी बोलायचं.
३. चहा बंद.

तोरिकाने सराव घेतला. ती झाली गावचा म्हातारा, जुडीच्या जागी मिटलेली छत्री. पोरगी इतकी हुबेहूब बोलली! कंबरेत वाकून, आवाज घोगरा, मध्येच खोकला. तीन पिढ्यांची नावं घेतली, त्यातलं एक आमच्या कुत्र्याचं. पहिल्यांदा मी ठणकावून नाही म्हणालो. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने छत्री मांडीवर धरून माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि हळूच खाली ठेवली. मी टाळ्या वाजवल्या. ती चटईवर लोळून हसली. म्हणाली, बाबा, तुम्ही छत्रीला स्टेशन दिलंत.

दमलो होतो. एरवी जमलं असतं.

९ मार्च, सोमवार. सकाळी ६:२०, बसमध्ये

सोळा.

नदीकाठच्या गावचा म्हातारा पावसातून चालत आला. वय ऐंशी. घोट्यापर्यंत चिखल. त्याच्या गावच्या बाया मासे-खेकडे घेऊन बाजाराला जातात, म्हणाला. अशा माणसाला नाही म्हणणारा मी कोण? समन्वयक, हे खरं. पण समन्वयकालाही आई असते.

फिलिमोनी आरशातून बघतो आणि मिशीत हसतो. विचारलं तर म्हणतो, काही नाही दाजी, दात दुखतोय.

२९ मार्च, रविवार

नवी युक्ती : घरी नाहीच असं सांगायचं. आज चर्चनंतर फाटकात माणसं दिसताच न्हाणीघरात जाऊन कडी लावली. अकेनेताने सांगितलं की घरी नाहीत. खोटं बोलणं तिला जमत नाही, सांगताना न्हाणीघराकडे बघत होती. माणसं व्हरांड्यात बसली. दोन तास. आत बादलीवर बसून नियोजन केलं. उकडत होतं. भिंतीवरून पाली जात-येत होत्या, त्या मोकळ्या.

शेवटी दाराबाहेर कुणीतरी मांडी घालून बसल्याचा आवाज आला. मग जुडी खाली ठेवल्याचा. मी आतूनच टाळ्या वाजवल्या. न्हाणीघरात टाळी छान घुमते.

तेवीस.

२० एप्रिल, सोमवार. ऑफिस

मिस गौंडर बाईंनी नकाशासमोर उभं केलं. लाल लाइनला गोवर आल्यासारखं दिसतंय, असं त्या म्हणाल्या. दोन स्टेशनं तर इतकी जवळ आहेत की एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याकडे काडेपेटी मागेल. मी म्हटलं, यालाच लोकाभिमुख नियोजन म्हणतात. बाईंनी कॉम्प्युटरमध्ये आकडे घातले. पस्तीसची एकाहत्तर मिनिटं झाली. मी म्हटलं, कॉम्प्युटरला आपले ड्रायव्हर माहीत नाहीत.

बाई रागावल्या असत्या तर बरं. त्या फक्त म्हणाल्या, जोवी, तुमची मुलगी याच रस्त्याने येते ना?

येते. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं.

१५ मे, शुक्रवार. ऑफिस, दुपारी ३:००

ऐतिहासिक दिवस. त्रेचाळीस स्टेशनं झाल्यावर मी स्वतः एक नियम लिहिला. नियम सात. तीन रात्री जागून नव्हे, तीन सकाळी बेकरीसमोर उभ्या बसमध्ये. 'मंजूर स्टेशनांच्या यादीत कोणत्याही स्वरूपाचा बदल मागणारा अर्ज, तो कोणीही, कोणत्याही रीतीने केलेला असो, तीन वर्षे विचारात घेतला जाणार नाही.' पोटनियम ब : 'प्रस्तुत नियमातही तीन वर्षे बदल करता येणार नाही.' सोबत नकाराच्या पत्राचा छापील मसुदा, नावाची जागा रिकामी, खाली माझा शिक्का. म्हणजे मला तोंडाने नाही म्हणावंच लागू नये.

समितीने एकमताने मंजूर केला. बाईंनी दोनदा विचारलं, जोवी, कोणत्याही स्वरूपाचा? नक्की? मी दोनदा म्हणालो, नक्की. लोखंडी हवा.

गावोगाव कळवलं. उद्यापासून एक जुडी येणार नाही. वीस वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. माझ्यात हा करारीपणा होता, कुणी विचारला नव्हता इतकंच.

चौतीस जुड्या. तोरिकाच्या पलंगाखालून निघून आता त्या दारापर्यंत आल्या आहेत. ती पलंगावर जायला खिडकीतून शिरते. म्हणते, बाबा, माझ्या खोलीत एक स्टेशन द्या.

८ जुलै, बुधवार. सकाळी ६:४०, बसमध्ये

फलाट बांधायला एक लेन बंद. त्रेचाळीस ठिकाणी. दोन तास वीस मिनिटं. बेकरीवाला आता खिडकीतून आम्हाला नावाने हाका मारतो. काल त्याने तोरिकाचा वाढदिवस कधी असतो ते विचारलं.

शाळेतून चिठ्ठी आलीय. गणिताच्या पेपरला तोरिका झोपली. पहिल्या तीन गणितांचे पूर्ण गुण, पुढची सगळी पानं कोरी. अकेनेताने चिठ्ठी वाचली, घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

चिठ्ठी अजून खिशात आहे. पोरीच्या गालाखालीच. वाईट वाटतंय. पण बांधकामाचा काळ हा असाच असतो. डिसेंबरात याच पोरीला साडेसहापर्यंत झोपता येईल. साडेसहा!

१ सप्टेंबर, मंगळवार

उद्घाटनाच्या भाषणाचा सराव केला. 'वुनिमोलीच्या एका साध्या घरातून...' इथे थांबायचं, टाळ्या. हिरव्या आणि निळ्या लाइनसाठी संचालक नेमणार आहेत अशी कुजबुज आहे. कुजबुज मीच सुरू केली, पण आता इतरांच्याही तोंडी आहे.

संकल्प : वजन कमी करणे. फोटो निघतील.

१६ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ

चाचणी फेरी झाली.

नवी कोरी बस, काचेच्या खिडक्या, थंडगार. मंत्रिसाहेब पुढे, मी त्यांच्या मागे, अकेनेता आणि तोरिका पाहुण्यांच्या सीटवर. तोरिकाने शाळेची रिबीन लावली होती. बस निघाली, सुंदर वेग घेतला आणि थांबली. दार उघडलं. बाई बोलली (रेकॉर्डमधली), स्टेशन क्रमांक दोन. दार मिटलं. निघाली. थांबली. वेगळी लेन होती, रस्ता मोकळा होता, अडवायला चिटपाखरू नव्हतं, आणि आम्ही थांबत होतो. साधारण पंधराव्या स्टेशनापासून रेकॉर्डमधल्या बाईला एक नाव पुरं करायला वेळ मिळेना. विसाव्याला मंत्रिसाहेबांनी घड्याळ पाहिलं. सत्ताविसाव्याला ते झोपले. तोरिका हळू आवाजात आकडे मोजत होती. चाळीसनंतर तिने मोजणं सोडलं.

एक तास अठ्ठावन्न मिनिटं.

सुवाच्या स्टँडवर फिलिमोनीची बस उभी. आमच्याच वेळी निघालेली, त्याच जुन्या जॅममधून आलेली. तो पायरीवर बसून रोटी खात होता. तोंडाशी आलेली थट्टा त्याने गिळली, मला दिसलं ते. ती न केल्याचा मला जास्त राग आला.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

कारणं : (१) ड्रायव्हर नवा. (२) दारं नवीन, घट्ट. (३) मंत्रिसाहेबांचं वजन. (४) सोमवार.

२२ नोव्हेंबर, रविवार

अकेनेता म्हणाली, उपाय सोपा आहे. जुडी दोन्हीकडून चालते. त्यांनी तुमच्यापुढे ठेवली तशी तुम्ही त्यांच्यापुढे ठेवा. जुड्या घरात पडल्याच आहेत. स्टेशनं परत मागा. बापाला कोण नाही म्हणेल?

मी म्हटलं, समन्वयक मागत नसतो. ती म्हणाली, मग समन्वयकाला घरी ठेवा आणि तुम्ही जा.

विचार करतोय.

२८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२:३०

गेलो. पहिला फिलिमोनीकडे. जुडी ठेवली, रीतीने मागितलं.

त्याने टाळ्या वाजवल्या, स्टेशन परत दिलं, आणि मग मान खाली घालून जे सांगितलं ते इथे लिहावं की नाही कळत नाही. त्याला स्टेशन कधी नकोच होतं. स्वतःची बस असलेला माणूस स्टेशन कशाला मागेल? फेब्रुवारीत त्याने थट्टा केली होती. मेहुण्याने करावी तशी. मी जुडी खाली पडण्याआधी नाही म्हणेन, मग तो मला वर्षभर चिडवेल, असा त्याचा बेत. किती वेळ जुडी हातात धरून बसलो होतो दाजी, म्हणाला, आणि तुम्ही चहाकडे बघत बसलात. मग घेतलंतच, तर आता काय बोलू? दुसऱ्या दिवशी बसमध्ये गंमत म्हणून सांगितलं. अख्ख्या रस्त्याला कळलं, हा नाही म्हणत नाही.

तो म्हणाला, त्याला वाटलं पोरीसाठी तरी मी एखाद्याला 'नाही' म्हणेन.

मी म्हटलं, मला पहिल्यापासून माहीत होतं की ती थट्टा आहे.

७ डिसेंबर, सोमवार. सकाळी ५:४०, बसमध्ये

नऊ दिवसांत एकतीस स्टेशनं परत! एकानेही नाही म्हटलं नाही. नदीकाठच्या म्हाताऱ्याने स्टेशन दिलं आणि वर एक कोंबडी दिली. म्हणाला, मुलीसाठी होतं तर आधीच सांगायचंस रे, आमच्या बाया फिलिमोनीच्याच बसने जातात. दुसऱ्या एका गावात विचारलं, कुठलं स्टेशन? ते विसरले होते.

तीन गावं अजून राहिली, म्हणून बारा स्टेशनं उरली. गुपचूप कॉम्प्युटरवर घातली. एकोणचाळीस मिनिटं! पस्तीस नव्हे, पण चार मिनिटांचं अकेनेताशी बोलता येईल. एकतीस जुड्या गेल्या, तीन उरल्या, तोरिकाची खोली पुन्हा खोलीसारखी दिसतेय. रविवारी ती दारातून आत गेली आणि उगाच दोनदा बाहेर येऊन पुन्हा आत गेली.

आज अर्ज टाकतो. यादीत बदल, एकतीस स्टेशनं रद्द, अर्जदार : जोविलिसी नाइवालू. मी हे करून दाखवलं. आनंदाने हात हलला, तिची भुवई आकसली. माफ कर बाळा.

११ डिसेंबर, शुक्रवार. ऑफिस

टेबलावर पत्र. छापील.

'श्री. जोविलिसी नाइवालू यांस. आपला अर्ज मिळाला. नियम सात अन्वये मंजूर स्टेशनांच्या यादीत कोणत्याही स्वरूपाचा बदल तीन वर्षे विचारात घेतला जाणार नाही. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. कळावे, आपला विश्वासू, जोविलिसी नाइवालू, स्टेशन समन्वयक.'

शिक्का ठळक उमटलाय.

बाईंकडे धावलो. म्हटलं, हा नियम वाढवण्याविरुद्ध होता, कमी करण्याविरुद्ध नाही. बाई म्हणाल्या, मी दोनदा विचारलं होतं. मग नियमच बदलू म्हटलं. त्यांनी पोटनियम ब वर बोट ठेवलं. वकिलांना चार दिवस दाखवला म्हणाल्या, एक फट सापडत नाही. या अख्ख्या प्रकल्पात इतकं पक्कं काम दुसरं झालेलं नाही, जोवी. त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढे सरकवली आणि पाणी दिलं.

तीन वर्षं, मे महिन्यापासून. तोरिकाची शाळा दोन वर्षांनी संपते.

१३ डिसेंबर, रविवार. दुपारी २:००

ठरलं. अकेनेताला आज सरळ सांगायचं, पोर जाणार नाही. माझ्या घरात माझा शब्द चालेल. मुद्दे :
१. मावशीच्या शेजारी कुत्री आहेत.
२. मावशी मासा शिजवताना नारळाचं दूध घालत नाही.
३. पोरगी एकटी कधी राहिली नाही.
४. मला करमणार नाही. (हा बोलायचा नाही. गरज पडली तरच.)

चारदा मोठ्याने म्हणून पाहिलं. न्हाणीघरात. 'नाही' स्पष्ट येतोय.

१४ डिसेंबर, सोमवार. सकाळ

काल संध्याकाळी चारच्या सुमारास तोरिका आली. मागे फिलिमोनी, इस्त्रीचा सुलू, अनवाणी. मी म्हटलं, आता कसली थट्टा. तो हसला नाही. दोघं मांडी घालून माझ्यासमोर बसले. तोरिकाच्या मांडीवर जुडी होती, आपल्याच घरातल्या तीनपैकी एक.

भाचीच्या वतीने मामा बोलला. वाडवडिलांची नावं घेतली, सगळी बरोबर, कुत्र्याचं नाही. म्हणाला, या घरची लेक शिकायला मावशीकडे जायची परवानगी मागते आहे, बापाने मोठ्या मनाने द्यावी. मी त्याच्या ओठाच्या कडेला हसू शोधत होतो. सापडेना. अकेनेता दारात पाठमोरी उभी होती.

मग त्याचं बोलणं संपलं आणि जुडी खाली ठेवायची वेळ आली. तोरिकाने ती ठेवली नाही. मांडीवर धरून बसली. माझ्याकडे बघत. पुष्कळ वेळ. पाय अवघडला असणार तिचा. चारही मुद्दे पाठ होते. चौथा तर जिभेवर होता.

मी चहाकडे पाहिलं.

तिने जुडी खाली ठेवली. अगदी हळू, छत्री ठेवली होती तशी. मी टाळ्या वाजवल्या. तीन. रीत आहे ती.

आज जुड्या मोजल्या. तीन होत्या, तीनच आहेत.

२५ जानेवारी, सोमवार. सकाळी ५:५०, बसमध्ये

शाळा सुरू झाली. काल तिला मावशीकडे सोडून आलो. निघताना तिने विचारलं, बाबा, शनिवारी याल ना? हो म्हणालो. हो म्हणण्यात मी पहिल्यापासून तरबेज.

बस बेकरीसमोर उभी आहे. शेजारच्या लेनमधून जलद बस गेली. गेली म्हणजे पुढच्या स्टेशनावर थांबली. आम्ही तिला गाठली, मग तिने आम्हाला. फिलिमोनीने रोजची गाणी लावलेली नाहीत. आरशात बघतही नाही. बेकरीवाल्याने खिडकीतून विचारलं, पोरगी कुठाय? मी सांगितलं.

शेजारच्या सीटवर कुणीतरी अळूच्या कंदांची गोणी ठेवलीय. हात हवा तसा हलतोय. संकल्प काही सुचत नाही.

अक्षर मात्र आज सुरेख आलंय.